डोमेन नावांची विक्री क्रिप्टो बाजारपेठेतून : नाव आधी की पैसा आधी?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

नमस्कार. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील माझ्या ओळखीच्या अनेकांकडे काही ना काही डोमेन नावे (संकेतस्थळांचे पत्ते) पडून आहेत. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलल्यानंतर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही इंग्रजी लेखनांची नावे लोकांनी घेतली. पुढे कुंदा, शहापूर-वडगावच्या साड्या, गोकाकचा करदंट, उद्यमबागेतील फाउंड्री अशा शब्दांवरची नावेही नोंदवली गेली. स्थानिक नावाला गिऱ्हाईक बहुधा स्थानिकच मिळते आणि तो व्यवहार रुपयांत, समोरासमोर बसून होतो. मात्र ज्यांनी सर्वसाधारण इंग्रजी शब्दांची डॉट कॉम नावे धरून ठेवली आहेत त्यांना परदेशातून विचारणा येते, आणि रक्कम यूएसडीटीमध्ये (डॉलरला बांधलेल्या क्रिप्टो चलनात) देऊ, व्यवहार क्रिप्टोवर चालणाऱ्या बाजारपेठेतून करू, अशी अट तीत वरचेवर असते. मलाही तशी विचारणा आली आहे. म्हणून या विषयाचा जो अभ्यास केला तो येथे मांडतो. जाणकारांनी त्यात भर घालावी, ही विनंती.

क्रिप्टो चांगले की वाईट, हा वाद येथे नको. विकणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न एवढाच आहे की नाव आणि पैसा यांपैकी आधी काय हलते, आणि मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात असते. या प्रश्नाचे उत्तर नावाच्या जातीवर अवलंबून आहे, आणि ‘ब्लॉकचेन डोमेन’ या एकाच पाटीखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जात असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

पहिली जात म्हणजे साखळीवरच, म्हणजे ब्लॉकचेनवरच जन्मलेली नावे. २०११ मध्ये नेमकॉइनने डॉट बिट आणले. मे २०१७ मध्ये इथेरियम या साखळीवर ईएनएस ही नावांची सेवा सुरू झाली आणि तिची डॉट ईटीएच नावे आज सर्वांत परिचित आहेत. असे नाव म्हणजे वॉलेटमध्ये (क्रिप्टो ठेवण्याच्या डिजिटल पाकिटात) असलेले टोकन, म्हणजे साखळीवरची मालकीची नोंद. ओपनसीसारख्या बाजारपेठेत ते विकले जाते तेव्हा नाव ग्राहकाकडे जाणे आणि रक्कम विक्रेत्याकडे येणे या दोन्ही गोष्टी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) एकाच व्यवहारात करतो. त्यांपैकी एक जरी अडली तरी दुसरीही होत नाही. मधला काळच नसल्यामुळे मधल्या माणसाची गरज उरत नाही, आणि क्रिप्टो बाजारपेठेचा खरा गुण हाच आहे. त्याची दुसरी बाजू अशी की हे नाव आयकॅनच्या, म्हणजे जगभरची डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेच्या, मूळ यादीत नाही, त्यामुळे साध्या ब्राउझरमध्ये ते टाकले तर संकेतस्थळ उघडत नाही. त्यासाठी विशेष विस्तार किंवा मधला दुवा लागतो. डॉट ईटीएच पुढे त्या यादीत येण्याची आशाही धरू नये, कारण ईटीएच ही तीन अक्षरे इथिओपिया देशाचा आंतरराष्ट्रीय संकेत म्हणून राखीव आहेत.

दुसरी जात म्हणजे आपली नेहमीची नावे : डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, डॉट इनची निक्सी ही भारतीय संस्था. आपण रजिस्ट्रारमार्फत (नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीमार्फत) तिच्यात नोंद करतो आणि दरवर्षी नूतनीकरणाचे शुल्क भरतो. हे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे तर कुलूप काढावे लागते, ट्रान्सफर कोड द्यावा लागतो, आणि जुन्या रजिस्ट्रारने आधी मंजुरी दिली नाही तर पाच दिवस वाट पाहावी लागते. नवी नोंदणी किंवा नुकतेच झालेले हस्तांतर असेल तर साठ दिवस नाव हलवता येत नाही. दोघांचे खाते एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर मात्र काम काही मिनिटांत होते.

अडचण येथे सुरू होते. पैसा साखळीवरून मिनिटांत येतो आणि परत जात नाही. नावाला मात्र दिवस लागतात, आणि साखळीवरच्या कॉन्ट्रॅक्टला रजिस्ट्रारची नोंदवही स्वतःहून दिसत नाही. नाव खरोखर पोहोचले की नाही, हे कोणीतरी माणसाने किंवा संस्थेने पाहून कॉन्ट्रॅक्टला सांगावे लागते. म्हणजे बाजारपेठ क्रिप्टोची असली तरी विश्वास शेवटी त्या मधल्या पाहणाऱ्यावरच ठेवावा लागतो. तो कोण आहे, कोणत्या देशात नोंदलेला आहे आणि वाद झाल्यास कोणत्या न्यायालयात उभा राहील, हे विक्रेत्याने आधी विचारले पाहिजे. बाजारपेठेच्या मुखपृष्ठावर ‘विश्वासाची गरज नाही’ असे लिहिलेले असले तरी डॉट कॉमच्या बाबतीत ते विधान अपुरे आहे.

आता काही बाजारपेठा नेहमीच्या नावाचेही टोकन बनवून देतात. त्यात नाव त्यांच्या सहकारी रजिस्ट्रारकडे ठेवले जाते आणि टोकन हाती येते. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखत हाती असले तरी उताऱ्यावर कोणाचे नाव आहे हे आपण पाहतोच. येथेही टोकन ज्याच्याकडे आहे त्याचेच नाव नोंदवहीत राहील याची हमी कोण देतो, ते करारात शोधावे.

निपाणीकर

धागा उपयुक्त आहे, परंतु विक्रेत्याला क्रिप्टो का हवासा वाटतो हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. कार्डाने किंवा पेपालने आलेली रक्कम ग्राहक कित्येक दिवसांनंतर तक्रार करून परत ओढू शकतो आणि तोपर्यंत नाव त्याच्या खात्यात गेलेले असते. साखळीवर आलेली रक्कम अशी ओढता येत नाही. परदेशी ग्राहकाशी व्यवहार करणाऱ्या लहान विक्रेत्याला हे संरक्षण मोलाचे वाटले तर त्यात नवल नाही. नेमचीप हा रजिस्ट्रार तर २०१३ पासून शुल्कापोटी बिटकॉइन घेतो. तेव्हा डोमेनच्या धंद्यात हे चलन काही काल-परवा आलेले नाही.

टिळकवाडीकर

निपाणीकर, आपले म्हणणे मान्य आहे. परत न फिरणारी रक्कम विक्रेत्याला सांभाळते, हे खरेच. फक्त एवढे जोडतो की नाव चोरीचे निघाले तर रजिस्ट्रार ते मूळ मालकाला परत देऊ शकतो, आणि मग न फिरणाऱ्या रकमेचा सगळा तोटा ग्राहकाला सोसावा लागतो. म्हणून शहाणा ग्राहक नावाचा जुना इतिहास मागतो. तो मागितला म्हणून आपण दुखावून घेऊ नये. नोंदणीच्या पावत्या आणि नूतनीकरणाच्या ईमेल जपून ठेवाव्यात.

उद्यमबाग

पैसे घेण्याच्या तांत्रिक बाजूबद्दल लिहितो, कारण आमच्या कारखान्याचे संकेतस्थळ आणि नावे मीच सांभाळतो.

यूएसडीटी एकच असला तरी तो इथेरियम, ट्रॉन अशा निरनिराळ्या जाळ्यांवर (नेटवर्कवर) फिरतो. कोणत्या जाळ्यावर रक्कम घ्यायची हे लेखी ठरवावे. एक्स्चेंजने (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचाने) दिलेला पत्ता एका जाळ्याचा आणि ग्राहकाने रक्कम पाठवली दुसऱ्यावर, असे झाले तर ती परत मिळवणे फार कठीण होते, पुष्कळदा अशक्यच. इथेरियमवर यूएसडीटी ठेवणाऱ्याकडे थोडा इथर (इथेरियमचे स्वतःचे चलन) असावा लागतो, नाहीतर पुढे रक्कम हलवताना शुल्क भरायला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. फसवणारे लोक आपल्या नेहमीच्या पत्त्याशी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जुळणारा पत्ता तयार करतात आणि त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवतात. पुढच्या वेळी आपण जुन्या यादीतून पत्ता उचलतो आणि पैसे त्यांच्याकडे जातात. पत्ता पूर्ण वाचावा; पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून भागत नाही.

तिसरी गोष्ट डॉट ईटीएच विकणाऱ्यांसाठी. बाजारपेठेत नाव लावताना आपण वॉलेटमधून एक परवानगी देतो, आणि ती कधीकधी त्या संग्रहातील आपली सगळी नावे हलवण्याची असते. बनावट संकेतस्थळे हीच परवानगी मागतात. तसेच किंमत लावताना वॉलेटमधून केलेली जुनी सही मुदत संपेपर्यंत किंवा आपण रद्द करेपर्यंत लागू राहते. २०२२ च्या सुरुवातीस ओपनसीवर जुन्या, विसरलेल्या आणि कमी किमतीच्या नोंदी वापरून लोकांची मौल्यवान टोकने उचलली गेली, ती याच वाटेने. वॉलेट उघडणारे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कोणत्याही बाजारपेठेला, कोणत्याही मदतनिसाला लागत नाहीत, हेही येथे ठामपणे लिहून ठेवतो.

हिशेबनीस

मी शहापूरमध्ये करसल्ल्याचे काम करतो. कराबद्दल धाग्यात अजून काही आले नाही म्हणून सविस्तर लिहीत आहे. प्रत्येकाने आपल्या कागदपत्रांनुसार स्वतंत्र सल्ला घ्यावा.

२०२२ च्या वित्त कायद्याने आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरातील नफ्यावर सरळ ३० टक्के कर लावला, त्यावर उपकर वेगळा. खरेदीची किंमत सोडून इतर कोणताही खर्च वजा होत नाही आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून अशा हस्तांतरावर ठरावीक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएसही आहे. त्याच सुमारास एनएफटीही (डॉट ईटीएच नावासारखी एकमेव टोकने) या व्याख्येत आली. त्यामुळे डॉट ईटीएच नाव विकणे हेच मुळात अशा मालमत्तेचे हस्तांतर ठरते, आणि नूतनीकरणाचे शुल्क किंवा गॅसचा (साखळीवरच्या व्यवहार शुल्काचा) खर्च वजा मागायला गेलात तर अडचण येईल.

डॉट कॉम विकून यूएसडीटी घेतले तर व्यवहार दोन होतात. समजा, नाव विकून त्या दिवशीच्या दराने दोन लाख रुपये किमतीचे यूएसडीटी मिळाले. ते दोन लाख ही नावाच्या विक्रीची किंमत. तिच्यावरचा कर आपण हा धंदा करता की एखादेच नाव बाळगले होते यावर ठरतो. पुढे ते यूएसडीटी दोन लाख दोन हजारांना विकले तर वरच्या दोन हजारांवर ३० टक्के. एक लाख अठ्ठ्याण्णव हजारच आले तर तो दोन हजारांचा तोटा कुठेही वळता होत नाही. शिवाय एक्स्चेंज पूर्ण रकमेवर १ टक्का कापते. तो टीडीएस विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो. रक्कम हाती आली त्या दिवसाचा रुपयातील दर स्क्रीनच्या चित्रासह जपून ठेवा, कारण वर्षअखेरीस तो आठवणीने सांगता येत नाही.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी आणखी एक बाब पाहावी. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात म्हणून शून्य दराची ठरायची तर मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने जेथे परवानगी दिली आहे तेथे रुपयांत, यावा लागतो. यूएसडीटी डॉलरला बांधलेला असला तरी तो डॉलर नव्हे. बँकेमार्फत आलेल्या रकमेचा जो दाखला मिळतो तो येथे मिळत नाही, आणि निर्यातीचा दावा अडचणीत येतो. मोठ्या रकमेच्या नावासाठी एवढे एक कारणही बँकेचा मार्ग धरायला पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानापूरवासी

यूएसडीटी एक्स्चेंजवर न विकता समोरच्या व्यक्तीला थेट विकले, तर कापाकापी टळते असे काही जण सांगतात. त्याबद्दल कोणी लिहील का?

निपाणीकर

खानापूरवासी, कृपया त्या वाटेला जाऊ नका. टीडीएसची जबाबदारी तशा विक्रीतही जात नाही, ती घेणाऱ्यावर येते. पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. समोरचा माणूस आपल्या बँक खात्यात जे रुपये पाठवतो ते कोणाचे आहेत, हे आपल्याला कळत नाही. माझ्या एका नातेवाइकाच्या बाबतीत ते सायबर फसवणुकीतले निघाले. खाते कोल्हापूरच्या शाखेत, राहण्याचा पत्ता निपाणीचा, आणि तक्रार नोंदलेली तिसऱ्याच राज्यात. बँकेने खाते गोठवले आणि तिकडच्या पोलिसांशी पत्रव्यवहार करून ते मोकळे करण्यात त्यांचा हंगाम गेला. त्यांचा कोणत्याही गुन्ह्याशी संबंध नव्हता. आपल्या भागात तर एकाच घरातली खाती दोन राज्यांत असतात, त्यामुळे कागद गोळा करण्याचा त्रास दुप्पट होतो.

मार्च २०२३ पासून भारतात सेवा देणाऱ्या क्रिप्टो एक्स्चेंजांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंद करावी लागते. विकायचेच असेल तर तशा नोंदणीकृत एक्स्चेंजवरच विकावे, आणि रक्कम तेथे पडून ठेवू नये. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून तेवीस कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकले, हे उदाहरण लक्षात ठेवावे.

वडगावची लेक

मी खरेदीदाराच्या बाजूने लिहिते. आमचा साड्यांचा व्यवसाय आहे आणि दुकानाच्या नावाचे डॉट इन दुसऱ्याच कोणीतरी घेऊन ठेवले आहे. त्याने क्रिप्टो बाजारपेठेत ते विक्रीला लावले असून मागितलेली रक्कम आमच्या आवाक्याबाहेरची आहे. दुकानाचे नाव आजोबांच्या काळापासून तेच आहे. अशा वेळी विकत घेण्यावाचून मार्गच नाही का? आणि देवनागरीतले डॉट भारत नाव घेतले तर त्याचा उपयोग होईल का?

टिळकवाडीकर

ताई, मार्ग आहे. डॉट इनसाठी निक्सीची स्वतंत्र वादनिवारण पद्धत आहे आणि त्यात लवाद निर्णय देतो. नाव आपल्या व्यापारी नावाशी गोंधळ होईल इतके सारखे आहे, समोरच्याचा त्यावर काही न्याय्य हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले आहे, हे दाखवावे लागते. आपल्यालाच चढ्या किमतीला विकण्यासाठी नाव अडवून ठेवणे हा वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. जुन्या पावत्या, दुकानाच्या पाटीची छायाचित्रे, जीएसटीची कागदपत्रे आणि वर्तमानपत्रातील जाहिराती एकत्र करा. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात म्हटले आहे. डॉट कॉमसाठी १९९९ पासून आयकॅनची पद्धत आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक ते पाच नावांसाठी एका सदस्याच्या मंडळाचे शुल्क १५०० डॉलर पडते. हीच तक्रार डॉट ईटीएच नावाबाबत असती तर मात्र या दोन्ही पद्धती तेथे लागू झाल्या नसत्या, आणि साखळीवरच्या नावांचा हा दोष मला गंभीर वाटतो.

डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळते आणि त्यात मराठीचा समावेश पहिल्यापासून आहे. नाव जरूर घ्या, स्वस्तही पडते. बाजारपेठेत असे नाव पुष्कळदा एक्सएन आणि दोन आडव्या रेषांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत दिसते. घेण्यापूर्वी ते परत देवनागरीत उलटवून प्रत्येक काना-मात्रा तपासा, कारण दिसायला सारखी पण वेगळी अक्षरे वापरून फसवता येते.

याच संदर्भात विक्रेत्या मित्रांनाही आग्रहाने सांगतो की दुसऱ्याच्या दुकानाचे, संस्थेचे किंवा भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूचे नाव अडवून बसू नका. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. अथणीच्या कारागिरांचा ज्यावर हक्क आहे ते नाव आपणच अडवून त्यांनाच विकणे हा धंदा नव्हे.

उद्यमबाग

एक सापळा राहिला. ग्राहक आकर्षक किंमत सांगतो आणि मग ‘अमुक संस्थेचे मूल्यांकन प्रमाणपत्र आणा, तेवढे क्रिप्टोमध्ये भरा’ म्हणतो. प्रमाणपत्र विकणारा आणि ग्राहक एकच असतात. शुल्क भरले की दोघेही नाहीसे होतात. नाव विकणाऱ्याने पैसे भरायचे असतील तर ते फक्त आपण स्वतः निवडलेल्या मध्यस्थाचे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्हे) पोलीस ठाण्यात जाताना व्यवहाराचा हॅश (साखळीवरचा ओळख क्रमांक), पाठवणाऱ्याचा पत्ता आणि सगळा ईमेल संवाद छापून न्यावा.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरची चर्चा वाचून मी ग्राहकाला लेखी उत्तर पाठवले. क्रिप्टो बाजारपेठ नको. आधीपासून परिचित असलेल्या परवानाधारक एस्क्रो सेवेत (व्यवहार पूर्ण होईपर्यंत रक्कम सांभाळणाऱ्या मध्यस्थाकडे) त्याने डॉलर जमा करावेत, जमा झाल्याची खात्री मी त्या सेवेच्या खात्यात स्वतः जाऊन करीन, त्याच्या ईमेलमधल्या दुव्यावरून नव्हे. त्यानंतरच कुलूप काढून कोड देईन आणि रक्कम माझ्या बँकेत परकीय चलनातून, दाखल्यासह येईल. क्रिप्टोच हवे असेल तर त्याने माझ्याच रजिस्ट्रारकडे खाते उघडावे, म्हणजे मधले पाच दिवस उरत नाहीत, आणि तरीही रक्कम एस्क्रोतूनच यावी.

ग्राहकाने पहिला पर्याय स्वीकारला आहे. एस्क्रोचे शुल्क निम्मे-निम्मे वाटून घेण्याची अट त्याने घातली, ती मी मान्य केली. डॉट कॉमच्या हस्तांतरात मुदत एका वर्षाने वाढते. त्या वर्षाचे शुल्क नव्या रजिस्ट्रारकडे तोच भरणार आहे.